काट्यावरचा प्रोग्राम सर्व्हरला जोडत नाही: कुठून तपासायला सुरुवात करायची

साखर कारखान्याचा वजनकाटा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं डिस्पॅच टेबल, इचलकरंजीतल्या सूतगिरणीचं स्टोअर, तिन्हीकडे एक गोष्ट सारखी सापडते. एका जुन्या पीसीवर जावाचा स्वतंत्र प्रोग्राम चालू असतो आणि तो आतल्या खोलीतल्या ॲप्लिकेशन सर्व्हरशी, म्हणजे सगळ्यांचं काम एका जागी चालवणाऱ्या प्रोग्रामशी, बोलत असतो. सर्व्हर कुठं वाइल्डफ्लाय, कुठं ग्लासफिश, कुठं वेबलॉजिक, तर एखाद्या ठिकाणी अजून जुना जेबॉस. ऑपरेटरला यातलं काही माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. त्याला दिसतं एवढंच, की गाडी काट्यावर उभी आहे, इंडिकेटरवर वजन आलंय आणि पावती निघत नाही.

माझं बरंचसं काम हे असले प्रोग्राम सांभाळायचं. गळीत हंगाम सुरू झाला की याच एका तक्रारीचे फोन सुरू होतात. तेव्हा मी ज्या क्रमानं बघत जातो तो क्रम इथं लिहितोय. आधी फुकटातलं, मग थोडा वेळ खाणारं, शेवटी सर्व्हरला हात लावायला लागणारं.

लक्षणं

फोनवर सगळे एकच सांगतात, "सर्व्हर लागत नाही." त्यामागं वेगवेगळे दोष असतात, म्हणून नेमकं काय होतंय ते आधी विचारून घ्या.

क्लिक केल्याबरोबर चूक दाखवतोय आणि त्यात "कनेक्शन रिफ्यूज्ड" आहे. किंवा स्क्रीन बराच वेळ गोठते आणि मग "टाइम्ड आउट" येतं. या दोन तक्रारी एक नव्हेत, हे पुढं येईलच.

ब्राउझरमध्ये त्याच सर्व्हरचं पान उघडतं, प्रोग्राम मात्र जोडत नाही. सगळ्यात जास्त वाद या लक्षणावर होतात, कारण नेटवर्कवाला ब्राउझर दाखवून मोकळा होतो.

सर्व्हरच्याच मशीनवर प्रोग्राम लावला तर चालतो, काट्यावर चालत नाही.

लॉगिन होतं, गावांची यादी दिसते, पण पावती सेव्ह करताना अडकतो. किंवा नाव शोधण्यापर्यंत सगळं ठीक, पहिली मेथड बोलावली की मरतो.

दिवसभर चालतो. जेवणाच्या सुट्टीनंतरची किंवा सकाळची पहिली पावती अडकते, प्रोग्राम बंद करून चालू केला की परत नीट.

नवीन आवृत्ती टाकल्यावर दोन काटे चालू, तिसरा बंद. चूक "नेम नॉट फाउंड" किंवा "इनव्हॅलिड क्लास".

लाईट जाऊन आल्यावर सर्टिफिकेटची तक्रार.

यानंतर दोनच प्रश्न विचारा: सगळे काटे बंद आहेत की एकच? आणि काल ते आज काय बदललं? सगळे बंद असतील तर काट्याच्या पीसीजवळ बसून वेळ घालवू नका, सर्व्हरकडं जा. एकच बंद असेल तर सर्व्हर रीस्टार्ट करायचा मोह आवरा, नाहीतर चालू असलेले काटेही बंद पडतील. दुसऱ्या प्रश्नाला "काहीच बदललं नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. राउटर, केबल, विंडोज अपडेट, पासवर्ड असं एकेक नाव घेऊन विचारलं की मग आठवतं.

खरी चूक आधी डोळ्यांनी बघा

बहुतेक प्रोग्राम ऑपरेटरला "सर्व्हर एरर, संपर्क साधा" एवढंच दाखवतात आणि खरा मजकूर गिळतात. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये जावाडब्ल्यू असतं. त्याला कन्सोल नसतो, त्यामुळं छापलेलं कुठंच दिसत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तोच प्रोग्राम साध्या जावा कमांडनं चालवा. मग पूर्ण स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठून कुठं गेली त्याची यादी, दिसेल. त्याच्या पहिल्या ओळीवर विश्वास ठेवू नका. खाली जात "कॉज्ड बाय"नं सुरू होणारी सगळ्यात शेवटची ओळ शोधा. खरं कारण तिथं असतं. वरच्या ओळी त्या कारणावर चढवलेली वेष्टनं असतात. "नेमिंग एक्सेप्शन" वाचून नावात चूक शोधत बसलेले लोक मी पाहिलेत, आणि सगळ्यात खाली "अननोन होस्ट" असतं.

पाच मिनिटांचं काम आहे. पुढचं सगळं यावर ठरतं.

पीसीची तारीख

काट्याच्या केबिनमध्ये धूळ, उष्णता आणि वेळी-अवेळी जाणारी लाईट. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरला की लाईट गेल्यावर पीसी कित्येक वर्षं मागं जातो. जोडणी एसएसएलवर (सुरक्षित, सांकेतिक) असेल, म्हणजे वाइल्डफ्लायला ८४४३ या पोर्टवरून (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारातून) जात असेल, तर जावा सर्टिफिकेटची तारीख बघतो आणि "हे अजून लागूच झालेलं नाही" म्हणून नाकारतो. चूक सर्टिफिकेटच्या नावानं येते, म्हणून लोक सर्व्हरचं सर्टिफिकेट बदलायला धावतात. आधी खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा.

एसएसएल नसेल तरीही तारीख बघाच. त्या प्रकारात प्रोग्राम जोडला जातो आणि चुकीच्या तारखेची पावती निघू शकते. बिलाच्या वेळी तेच जास्त महागात पडतं. सेल बदला, घड्याळ नेटवर्कवरून जुळतं ठेवा.

पिंग, आणि मग पोर्ट

आधी सर्व्हरच्या आयपीला पिंग करा, मग नावानं करा. आयपीला जातं आणि नावाला जात नाही, तर नाव सोडवण्यात गडबड आहे. हे विशेषतः सर्व्हरची जागा हलवल्यावर होतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर आमच्या एका ग्राहकानं तळमजल्यावरचा सर्व्हर वर नेला, नवा स्विच, नवी आयपी. डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) बदललं, पण दोन पीसींच्या होस्ट फाइलमध्ये (नाव आणि आयपीच्या त्या पीसीवरच्या यादीत) कुणीतरी पूर्वी हातानं लिहिलेली जुनी आयपी तशीच राहिली. विंडोज ती फाइल डीएनएसच्या आधी मानतं. ती सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या आत, ईटीसी फोल्डरमध्ये असते.

पिंग गेलं म्हणजे जोडणी आहे असं नाही. पिंग फक्त मशीन जागं आहे एवढं सांगतं, प्रोग्रामला हवं असलेलं दार उघडं आहे की नाही ते सांगत नाही. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आयपी आणि पोर्ट देऊन चालवा. टेलनेटही चालतं, पण विंडोजवर ते आधी चालू करून घ्यावं लागतं.

कुठला पोर्ट, यात बऱ्याचदा घोळ होतो. जुना जेबॉस ४ किंवा ५ असेल तर नावं शोधायचा पोर्ट १०९९. जेबॉस ७ ला ४४४७. २०१४ साली वाइल्डफ्लाय ८ आला तेव्हापासून रिमोट जोडणी एचटीटीपीच्याच ८०८० वरून जाते. ग्लासफिशला ३७००, वेबलॉजिकला ७००१, वेबस्फिअरला २८०९. हे सगळे मूळ सेटिंगमधले आकडे झाले, तुमच्याकडं कुणी बदलले असतील तर सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये दिसतील. वाइल्डफ्लायचा ९९९० हा व्यवस्थापनाचा पोर्ट आहे, क्लायंट, म्हणजे काट्यावरच्या, प्रोग्रामनं तिकडं जायचं नाही. जेबॉस ७ वरून वाइल्डफ्लायवर आलेल्या ठिकाणी क्लायंटच्या प्रॉपर्टी फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ४४४७ तसाच राहिलेला हमखास सापडतो.

आता त्या दोन तक्रारींकडं. "रिफ्यूज्ड" आलं तर बहुधा मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही: सर्व्हर बंद, पोर्ट चुकीचा, किंवा सर्व्हर दुसऱ्याच पत्त्यावर बसलाय. "टाइम्ड आउट" आलं तर पाठवलेलं पाकीट वाटेत गडप होतंय: फायरवॉल किंवा चुकीचा मार्ग. पहिल्यात सर्व्हरकडं बघायचं, दुसऱ्यात नेटवर्ककडं.

सर्व्हर विंडोजवर असेल आणि राउटर बदलल्यापासून टाइम-आउट येत असेल, तर नेटवर्क प्रोफाइल बघा. नवं जाळं दिसलं की विंडोज त्याला "पब्लिक" धरून बसतं. फायरवॉलचा जुना नियम "प्रायव्हेट"पुरताच केलेला असेल तर तो तिथं लागू होत नाही. फायरवॉल सगळाच बंद करून टाकणारे महाभाग असतात. तसं करू नका. त्या एका पोर्टला, आतल्या जाळ्यापुरती परवानगी द्या.

ब्राउझर चालतो, प्रोग्राम का नाही?

वाइल्डफ्लाय मूळ सेटिंगमध्ये फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, म्हणजे स्वतःच्या मशीनपुरता. त्याच्यापुढं एनजिनएक्स किंवा अपाची हा वेब सर्व्हर बसवलेला असेल तर ब्राउझर ८० पोर्टवर येतो, एनजिनएक्स त्याला आतल्या आत ८०८० कडं नेतो आणि पान दिसतं. काट्यावरचा प्रोग्राम मात्र थेट ८०८० ला जातो, आणि बाहेरच्यासाठी तिथं कुणी नसतं.

सर्व्हरवर लिनक्स असेल तर एसएस कमांडनं, विंडोज असेल तर नेटस्टॅटनं बघा: ८०८० च्या आधी १२७.०.०.१ दिसतोय, की ०.०.०.० किंवा आतल्या जाळ्यातली आयपी? पहिलं असेल तर सर्व्हर सुरू करताना बाइंड ॲड्रेस, म्हणजे कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते, द्यावा लागेल. मी स्वतः ०.०.०.०, म्हणजे मशीनचे सगळे पत्ते, न देता आतल्या जाळ्याची नेमकी आयपी देतो. कारण पुढच्या भागात आहे.

नाव सापडतं, पण पुढं अडकतं

हा भाग नीट वाचा. परत परत येणाऱ्या तक्रारींचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथं सापडलंय, आणि याच्यावर तात्पुरती मलमपट्टी करणारेही सगळ्यात जास्त आहेत.

स्वतंत्र प्रोग्राम सर्व्हरला एका दमात जोडत नाही. आधी तो नावांच्या सेवेला, म्हणजे जेएनडीआयला विचारतो की पावतीची सेवा कुठं आहे. तिकडून उत्तरात एक संदर्भ येतो आणि त्या संदर्भात पत्ता असतो. मग प्रोग्राम त्या पत्त्यावर नव्यानं जातो. पहिला पत्ता तुम्ही प्रॉपर्टी फाइलमध्ये लिहिलेला असतो. दुसरा सर्व्हर स्वतः सांगतो. पहिला बरोबर आणि दुसरा चुकीचा, असं झालं की लॉगिनपर्यंत सगळं छान आणि पुढं गप्प.

सर्व्हर चुकीचा पत्ता का सांगतो? एक कारण म्हणजे त्याला स्वतःचं नाव विचारलं की तो आपली होस्ट फाइल बघतो. उबंटू आणि डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये मशीनचं नाव बऱ्याचदा १२७.०.१.१ ला जोडलेलं असतं. मग ग्लासफिश आयआयओपीच्या (बाहेरच्या प्रोग्रामशी बोलायच्या त्याच्या पद्धतीच्या) संदर्भात तोच पत्ता घालून पाठवू शकतो. कुणी चिठ्ठीवर "आमच्या घरी या" एवढंच लिहून दिलं तर चिठ्ठी वाचणारा स्वतःच्याच घरी जाईल, तसा काट्यावरचा प्रोग्राम काट्याच्याच पीसीवर सर्व्हर शोधतो. सर्व्हरच्या मशीनवर चाचणी केली तर ही चूक दिसणारच नाही, कारण तिथं "आमचं घर" बरोबरच निघतं.

दुसरं कारण, सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं. एक कारखान्याच्या जाळ्यात, एक ऑफिसच्या. सर्व्हर ऑफिसकडची आयपी सांगतो आणि काट्यावरून तिकडं जायला रस्ताच नसतो.

तिसरं, जेएमएस, म्हणजे जावाची मेसेजच्या रांगेची सोय. वाइल्डफ्लायमध्ये ईजेबीची (सर्व्हरवरच्या जावा सेवांची) साधी जोडणी उघडलेल्या एकाच मार्गावरून चालते, म्हणून तिथं ही अडचण कमी येते. पण मेसेजची रांग वापरणारा प्रोग्राम रिमोट कनेक्शन फॅक्टरी मागतो तेव्हा कनेक्टरमधला पत्ता त्याच्याबरोबर येतो. सर्व्हर ०.०.०.० वर बांधलेला असेल तर तो पत्ता बाहेर देण्याजोगा नाही, म्हणून त्याऐवजी मशीनचं नाव दिलं जातं. तसा इशारा सर्व्हरच्या लॉगमध्ये येतोही, पण वाचतो कोण? ते नाव काट्यावरच्या पीसीला माहीत नसलं की "अननोन होस्ट". क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारे अनेक सर्व्हर, असेल तर तिथंही सर्व्हर बाकीच्या नोडचे पत्ते क्लायंटला कळवतो आणि क्लायंट तिकडं जायला बघतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रोग्राम अडकलेला असताना काट्याच्या पीसीवर दुसरी कमांड विंडो उघडून नेटस्टॅट चालवा आणि "सिन-सेंट" अवस्थेतली ओळ शोधा. प्रोग्राम नेमक्या कुठल्या पत्त्यावर दार ठोठावतोय ते तिथं लिहिलेलं असतं. तुम्ही प्रॉपर्टी फाइलमध्ये दिलेल्या पत्त्यापेक्षा तो वेगळा असला तर दोष सापडला. लगेच "रिफ्यूज्ड" येत असेल तर एररच्या मजकुरातच १२७ नं सुरू होणारा पत्ता दिसतो का बघा.

मलमपट्टी अशी करतात: प्रत्येक काट्याच्या होस्ट फाइलमध्ये सर्व्हरचं नाव आणि आयपी लिहून टाकायची. काम चालतं. गाड्यांची रांग गेटबाहेर गेली असेल तर त्या रात्री तेवढंच करा, माझी हरकत नाही. पण पुढच्या वेळी आयपी बदलली की वर सांगितलेला महापुरानंतरचा घोळ परत होणार. खरा उपाय सर्व्हरवर आहे: होस्ट फाइलमध्ये मशीनचं नाव खऱ्या आयपीला जोडा, ग्लासफिशच्या आयआयओपी लिसनरला ०.०.०.० ऐवजी नेमका पत्ता द्या, वाइल्डफ्लायच्या जेएमएस कनेक्टरला नेमका होस्ट द्या. सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागेल, तो पाळी बदलताना करा.

जार फाइली आणि जावाची आवृत्ती

"नो इनिशियल कॉन्टेक्स्ट" आलं तर प्रोग्रामला कुठल्या फॅक्टरीतून सुरुवात करायची हे सांगितलेलंच नाही. प्रॉपर्टी फाइल जारच्या (जावा प्रोग्रामच्या फाइलच्या) शेजारी आहे का, शॉर्टकटमधलं "स्टार्ट इन" फोल्डर बरोबर आहे का, बघा. पीसी फॉरमॅट केल्यावर हे ठरलेलं.

"क्लास नॉट फाउंड" आलं तर सर्व्हरची क्लायंट लायब्ररी नाही. वाइल्डफ्लायची जेबॉस-क्लायंट जार त्याच्या बिन फोल्डरमधल्या क्लायंटमध्ये मिळते आणि ती एकटी पुरते. ग्लासफिशची जीएफ-क्लायंट जार तशी नाही. ती शेजारच्या इतर जार फाइलींकडं बोट दाखवते, म्हणून एकटी कॉपी करून आणली की चालत नाही. वेबलॉजिकला टी३ या त्याच्या स्वतःच्या जोडणी पद्धतीसाठी वेगळी हलकी क्लायंट जार असते. लायब्ररी सर्व्हरच्याच आवृत्तीतून घ्या, इंटरनेटवर सापडली ती टाकू नका.

काट्यांवरचा खास त्रास जावाच्या आवृत्तीचा. इंडिकेटरचं वजन सिरियल पोर्टवरून वाचणारी जुनी लायब्ररी ३२ बिटची असते, म्हणून तो पीसी जावा ८ वर अडकून राहतो. इकडं सर्व्हरवाले १७ वर जातात, इंटरफेसची जार त्यावर बनवतात आणि काटा म्हणतो, क्लासची आवृत्ती ६१ आहे, मला ५२ पर्यंतच कळतं. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. इंटरफेसची जार ८ साठी बनवून मागा.

याच्या उलट, आयआयओपीवरचा प्रोग्राम कुणी उत्साहानं नव्या जावावर टाकला तर कोर्बाचे (आयआयओपी ज्यावर चालतं त्या जुन्या व्यवस्थेचे) क्लास सापडत नाहीत. २०१८ च्या जावा ११ मधून ते काढून टाकलेत. आणि सर्व्हर वाइल्डफ्लाय २७ किंवा पुढचा केला असेल, तर तो २०२२ पासून जावाएक्स सोडून जकार्ता या नावावर गेलाय, आणि त्याला जावा ११ तरी लागतो. तिथं जुना क्लायंट नुसत्या जार बदलून जोडला जात नाही. कोड बदलावा लागतो. हे ऑपरेटरच्या किंवा हार्डवेअरवाल्याच्या हातचं काम नाही, इथंच थांबा आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला फोन लावा.

"इनव्हॅलिड क्लास" आणि दोन वेगळे सिरियल नंबर दिसले, तर काट्यावरची इंटरफेस जार जुनी आणि सर्व्हरवरची नवी, एवढाच अर्थ. चालू काट्यावरची जार आणून टाका.

नाव सापडत नाही

नवीन आवृत्तीनंतर "नेम नॉट फाउंड" आलं तर मी आधी सर्व्हरवर टाकलेल्या फाइलचं नाव बघतो. फाइल "ऊस-२.३" ची "ऊस-२.४" झाली आणि आत ॲप्लिकेशनचं नाव ठरवून दिलेलं नसेल, तर फाइलचंच नाव जेएनडीआयच्या नावात जातं. क्लायंट अजून २.३ मागत असतो. ॲप्लिकेशन आणि मॉड्यूलचं नाव डिस्क्रिप्टरमध्ये (आतल्या वर्णनाच्या फाइलमध्ये) कायमचं लिहून टाकायला सांगा, हा त्रास संपतो.

बरोबर नाव कोणतं हे अंदाजानं शोधू नका. सर्व्हर सुरू होताना प्रत्येक बीनची, म्हणजे ईजेबी सेवेची, नावं लॉगमध्ये छापतो, तिथून उचला. बाहेरच्या प्रोग्रामला वाइल्डफ्लायमध्ये "जेबॉस-एक्सपोर्टेड" खालचीच नावं दिसतात. "कॉम्प" किंवा "मॉड्यूल"नं सुरू होणारी नावं सर्व्हरच्या आतल्यांसाठी असतात, ती क्लायंटमध्ये कॉपी करून उपयोग नाही. ईजेबी: या पद्धतीचं नाव असेल आणि ॲप्लिकेशन ईएआर या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये नसेल, तर पहिला भाग रिकामा राहतो, पण त्याची तिरपी रेघ राहायलाच पाहिजे. ती गाळली की नाव सापडत नाही.

सर्व्हरवर चालतं, काट्यावर पासवर्ड चुकतो

वाइल्डफ्लायमध्ये त्याच मशीनवरून आलेल्या प्रोग्रामला पासवर्ड न विचारता आत घेण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये असते. म्हणून सर्व्हरवर बसून केलेली चाचणी पास होते, आणि काट्यावर "ऑथेंटिकेशन फेल्ड". चाचणी नेहमी दुसऱ्या मशीनवरून करा, असं मी म्हणतो ते यासाठीही.

युजर बनवताना ॲड-युजर दोन प्रकार विचारतो: व्यवस्थापनाचा आणि ॲप्लिकेशनचा. आपल्याला ॲप्लिकेशनचा हवा. पहिला पर्याय निवडून पुढं गेलेले युजर अॅडमिन पानावर लॉगिन करू शकतात, पण काट्यावरून आत येत नाहीत.

जेवणानंतर अडकणारा प्रोग्राम

मधला फायरवॉल किंवा राउटर बराच वेळ गप्प असलेली जोडणी विसरून जातो. दोन्ही टोकांना ते कळत नाही. टीसीपीची स्वतःची तपासणी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडं मुळात २ तासांनी होते, राउटर त्याच्या कितीतरी आधी विसरलेला असतो. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या गट ऑफिसात मोबाईल इंटरनेटवरून व्हीपीएन असेल तर हे जास्त दिसतं. उपाय म्हणजे प्रोग्रामनं ठराविक वेळानं हलकी चाहूल देत राहणं, किंवा राउटरवरची मुदत वाढवणं.

तशीच दिसणारी दुसरी तक्रार रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरची. प्रोग्राम सकाळी एकदा संदर्भ घेऊन दिवसभर तोच वापरतो. स्टेटफुल, म्हणजे सत्र लक्षात ठेवणारा, बीन असेल तर रीस्टार्टनंतर त्याचं सत्र गेलेलं असतं. अपयश आलं की संदर्भ फेकून नवा घ्यायचा, एवढा बदल प्रोग्राममध्ये हवा.

मात्र "अपयश आलं की परत पाठव" असं आंधळेपणानं लिहून घेऊ नका. उत्तर आलं नाही म्हणजे पावती सेव्ह झाली नाही असं नसतं. कधी पावती झालेली असते आणि फक्त उत्तर वाटेत हरवतं. परत पाठवलं की एका खेपेच्या दोन पावत्या. सर्व्हरनं खेप क्रमांक बघून दुसरी नाकारली पाहिजे. ते नसेल तर अडकल्यावर आधी यादीत पावती शोधा, मग नवी करा.

इथं थांबा

सर्व्हरच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याचं दिसतंय, थ्रेड अडकलेत, डेटाबेसची जोडणी मिळत नाही, तर हा क्लायंटचा प्रश्न राहिला नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलवा. क्लस्टर, सर्टिफिकेट नव्यानं घेणं, सर्व्हरची मोठी आवृत्ती बदलणं, ही कामंही त्यांचीच, आणि हंगाम चालू असताना तर नाहीच.

आणखी एका जागी मी लोकांना अडवतो. बाहेरच्या केंद्रावरून जोडणी मिळत नाही म्हणून राउटरवर ८०८०, १०९९ किंवा ७००१ थेट इंटरनेटला उघडायचा सल्ला कुणीतरी देतो. अजिबात करू नका. या पोर्टवरून जावाचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे आत येतात. वेबलॉजिकच्या टी३ मधलं २०१५ चं भगदाड याच वाटेनं होतं. डिसेंबर २०२१ मधल्या लॉग४शेल या भगदाडानं जेएनडीआयचाच गैरवापर करून जगभर धावपळ उडवली. बाहेरून यायचं तर व्हीपीएननं, आणि ते नेटवर्कच्या जाणकाराकडून बसवून घ्या. नवं काम काढत असाल तर मी रिमोट ईजेबी सुचवणारच नाही. साधी एचटीटीपीएस सेवा ठेवा, वरच्यातल्या निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

जाणकाराला फोन करण्याआधी एवढं जमवून ठेवा: काट्यावरचा पूर्ण स्टॅक ट्रेस, तो आला ती वेळ, त्या वेळेच्या आसपासचा सर्व्हरचा लॉग, अडकलेला असतानाचं नेटस्टॅट, दोन्हीकडच्या जावाच्या आणि सर्व्हरच्या आवृत्त्या. स्क्रीनचा मोबाईलनं काढलेला तिरका फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा. तोवर वजनं इंडिकेटरवरून वहीत लिहायला सुरुवात करा, गाडी नंबर आणि वेळेसकट, म्हणजे रांग हलत राहील. आणि तो माणूस येईपर्यंत सर्व्हर रीस्टार्ट करू नका. करावाच लागला तर आधी जेस्टॅकनं थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी सर्व्हरमध्ये काय चालू होतं त्याची नोंद, काढून फाइल बाजूला ठेवा, कारण रीस्टार्टनंतर सर्व्हर कशावर अडकला होता हे थ्रेडमधून बघता येत नाही.